सत्काराची शाल

माझ्यावर कुणाचा विश्वासच बसला नाही. पतसंस्थेचा कॉम्प्युटर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर चालायचा आणि तिथं परत नेला की तासाभरात बंद पडायचा. तीनदा खोलला, तीनदा धडधाकट निघाला. मलाच काही कळेना.

चेअरमन गरजले, "चौथी शिकलेल्या बाईला काम दिलं, हेच चुकलं! दोष कुणाचा ते उद्या लेखी द्या, नाहीतर गावात दुकान कसं चालतं ते बघतो."

दुसऱ्या दिवशी मी न कळवता सकाळीच गेले. बघते तर कॉम्प्युटरच्या डब्यावर, पार मागपर्यंत, चेअरमनांच्या सत्काराची जाड शाल! मी येणार म्हटलं की क्लार्क मंदाताई ती घडी करून ठेवायच्या.

मी शाल उचलली. "साहेब, आज माझ्याकडून सत्कार," म्हणत त्यांच्या डोक्यावरून तोंडापर्यंत पांघरली. मे महिना होता.

"अहो बाई, गुदमरतोय मी!"

"एवढ्यात? हा बिचारा तासभर सोसतो. गरम हवा सोडायचं याचं नाक मागं आहे."

शाल फेकून ते मंदाताईंवर ओरडले, "कुणी टाकली ही?"

"तुम्हीच की. आल्यागेल्याला दिसावी म्हणून."

लेखी मागितलं होतं ना? मी कागद घेतला आणि लिहिलं, दोषी: चेअरमन बळवंतराव नलवडे.