हळदीची पाटी

पानांवर पाट्या रंगवून झाडाला टांगायच्या, त्या काळातली गोष्ट. एका मुंगीचं गुळाचं दुकान होतं. नवरात्र लागलं तसं फुलपाखरू म्हणालं, “मुंगीताई, पाटीला रोज त्या दिवसाचा रंग हवा! अक्षरंही नाजूक काढ, वेलबुट्टीची.”

मुंगीने तसंच केलं. पाचव्या दिवशी दुकानात चिटपाखरू नव्हतं आणि गूळ पाझरायला लागला होता. नेहमीचे भुंगाकाकासुद्धा समोरून सरळ पुढे निघाले, तेव्हा ती घाबरून ओरडली, “काका, कुठे निघालात?”

“अगं, तुझं दुकान इथेच होय? मला कुठे वाचता येतं! मी आपला हळदीची जाड अक्षरं बघून यायचो.”

मुंगीने पाटी खरवडली आणि हळद कालवली.

“आज हिरवा आहे!” फुलपाखरू किंचाळलं. “लोक हसतील!”

“हसू देत. हसायला तरी इथे थांबतील,” मुंगी म्हणाली आणि तिने पहिलं अक्षर आणखी जाड केलं.