कमान कशाच्या बळावर उभी राहिली

फार जुन्या काळी, राज्यांच्या सीमा अजून नद्याच ठरवत असत तेव्हा, एका राजाला एका प्रश्नाने पछाडलं. या सृष्टीत सगळ्यांत मोठं बळ कोणतं, हा तो प्रश्न. आल्यागेल्या प्रत्येकाला तो तेच विचारी.

एके दिवशी दूरदेशीचा एक कारागीर दरबारात आला. त्याने फरशीवर लोखंडी खिळा ठेवला आणि वरून काळा लोहचुंबक धरला. खिळा टुणकन उडून त्याला चिकटला.

"महाराज," कारागीर म्हणाला, "एवढी थोरली पृथ्वी या खिळ्याला खाली ओढते आहे. माझा लिंबाएवढा दगड तिच्या हातून तो हिसकावून घेतो. आता मोठं बळ कोणाचं, ते आपणच सांगा."

राजा हरखून गेला. त्याच वेळी नदीवर दगडी कमानीचा पूल उभा राहत होता. त्याने हुकूम सोडला, "कमानीच्या सांध्यासांध्यात लोखंड आणि लोहचुंबक बसवा. आणि कमानीच्या खांद्यांवर, माथ्याच्या दोन्ही अंगांना, दगडमातीचा भराव मुळीच घालू नका. भार खाली ओढतो. जे खाली ओढतं, ते वर कसं धरेल?"

कमान रचणारा सटवाजी पाथरवट कामात पटाईत होता, पण बोलण्यात भिडस्त. त्याने मान डोलावली आणि घरी आला.

"भरावाशिवाय कमान?" त्याची बायको कोंडा म्हणाली. तीही पाथरवटाचीच लेक. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"राजाला शिकवणारा मी कोण?"

"खाली बसणारे तुम्ही," कोंडा म्हणाली.

कारण पाथरवटांची एक रीत होती. कमान ज्याच्यावर रचलेली असते तो लाकडी सांगाडा उतरवायच्या दिवशी, ज्याच्या शब्दावर कमान उभी, त्याने तिच्याखाली बसायचं. आणि सांगाड्याच्या पाचरी मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकून काढायच्या त्याच्या घरच्या माणसाने. दुसऱ्या कोणी त्या मोगरीला हात लावायचा नाही.

तो दिवस उजाडला. दोन्ही तीरांवर माणसं जमली. सटवाजी कमानीखाली कोरड्या वाळूवर मांडी घालून बसला. कोंडा मोगरी घेऊन पाचरींपाशी उभी राहिली.

"भाकरी बांधून आणलीस ना?" सटवाजीने खालून विचारलं. "का उपाशीच ठेवतेस?"

कोंडा हसली नाही. तिने पहिली पाचर ठोकली. ती निघाली. दुसरी निघाली. सांगाडा केसभर खाली बसला.

तिसऱ्या पाचरीवर मोगरी पडली, आणि वर कुठेतरी दगड करकरला.

कोंडाने हात थांबवला. तिने वर पाहिलं. कमानीचे खांदे बाहेरच्या बाजूला फुगू पाहत होते आणि माथ्याचा सांधा खालून उकलला होता. बोट आत जाईल एवढी फट पडली होती. सटवाजीच्या खांद्यावर वाळूची बारीक धार पडत होती. तो वर पाहत होता, पण जागचा हलला नाही.

"काढ ती पाचर," राजाने तीरावरून सांगितलं.

"कमान उकलतेय, महाराज. आधी खांद्यांवर भराव घालू द्या."

राजाशेजारी उभा असलेला कारागीर हसला. "बाई, जो पडायला आला त्याच्या डोक्यावर आणखी ओझं? असं कुठं ऐकलं नव्हतं."

कोंडा त्याच्याकडे वळली. "तुमचा तो चुंबक आणि खिळा द्या जरा."

तिने खिळा चुंबकाला चिकटवला. मग खिळा सोडवून मध्ये तीरावरच्या वडाचं एक पान धरलं. खिळा टिकला. तिने आणखी पानं घातली. बोटभर जाडी झाली, आणि खिळा वाळूत पडला.

"तुमचं बळ मोठंच आहे, दादा," ती म्हणाली. "पण फट पडली की ते थकतं. दगडाच्या पोटातलं बळ तर त्याहून दांडगं. त्यापुढे आमच्या छिन्न्या झिजतात. पण टवका एकदा उडाला, की दगड त्याला पुन्हा धरत नाही. धरणीची ओढ हलकी खरी, पण ती फटीला जुमानत नाही. ती दगडादगडाला एकमेकांवर रेटते, म्हणून तर कमान उभी राहते. भराव नको म्हणून तिलाच हाकलून लावलंत, तर हे दगड एकमेकांना धरतील कशाला?"

राजा बधला नाही. "पाचर काढ, म्हणालो ना मी."

कोंडाने मोगरी खाली ठेवली. "काढते, महाराज. पण ही कमान आता माझ्या धन्याच्या शब्दावर उभी नाही. या दादांच्या शब्दावर आहे. रीत आहे. त्यांनी खाली बसावं."

तीरावर कुजबुज झाली. रीत राजालाही मोडता येत नव्हती. त्याने कारागिराकडे पाहिलं.

कारागीर ताठ मानेने वाळूत उतरला आणि सटवाजीशेजारी बसला. मग त्याने वर पाहिलं. उकललेल्या सांध्यातून त्याच्याच चुंबकाचा एक तुकडा सुटला आणि त्याच्या मांडीजवळ वाळूत रुतला.

कारागिराने तो तुकडा उचलला.

"महाराज," कारागीर खालच्या आवाजात म्हणाला, "आधी भराव घालू द्या."

राजाने होकाराची मान हलवली. आणि मग सगळी वस्तीच कामाला लागली. दोन्ही खांद्यांवर सारखा भार पडेल अशा बेताने माणसं पाट्यांनी दगडमाती टाकत राहिली. फुगवटा थांबला. फट बोटभराची नखाएवढी झाली, मग सुतासारखी.

कोंडाने मोगरी उचलली. तिसरी पाचर निघाली. चौथी शेवटची होती, तिच्यावर तिने डोळे मिटून घाव घातला.

सांगाडा कमानीपासून सुटून वीतभर खाली बसला. कमान एकदाच गंभीरपणे घुमली, सगळे सांधे घट्ट मिटले, आणि ती स्थिर झाली.

सटवाजी धोतर झटकत बाहेर आला. कारागिराला मात्र हाताला धरून उठवावं लागलं.

राजा हे सारं पाहत होता. त्या दिवशी त्याने रिवाजात एक भर घातली. त्या राज्यात पुढे ज्या ज्या कमानीचा सांगाडा उतरला, तिच्याखाली पाथरवटाशेजारी हुकूम देणाराही बसू लागला. आणि मग भरावाला नको म्हणणारं कोणी उरलं नाही.

तात्पर्य : जवळून जोरकस दिसणाऱ्या बळाला भुलू नये, जे अंतर पडलं तरी साथ सोडत नाही, त्याच बळावर विसंबावं.