फाटली आणि फाडली

एकदा एक प्रौढ विद्यार्थिनी आपल्या वृद्ध गुरुजींसमोर रिकाम्या हातांनी उभी राहिली. लग्नामुळे सुटलेले शिक्षण तिने दोन मुलींना मार्गी लावून पुन्हा धरले होते आणि दर रविवारी ती या गुरुजींकडे व्याकरण शिकायला येत असे. आज वर्षभराची स्वाध्यायाची वही द्यायची होती. ती दिल्यावाचून परीक्षेला बसता येणार नव्हते.

"वही फाटली, गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजींना नवल वाटले नाही. याआधी तिचा चष्मा फुटला होता, हात भाजला होता आणि एकदा तर बाहेरून कडी लागली म्हणून तिची चाचणी बुडाली होती. वर्गातल्या बायका हळहळत, पण विचारत कोणीच नसे. असल्या गोष्टी न विचारण्यालाच आपण सभ्यपणा म्हणतो.

गुरुजींनी मग एक विचित्र कृती केली. चाळीस वर्षे जिवापाड जपलेला आपला शब्दकोश त्यांनी उघडला आणि त्यातले एक पान तिच्यादेखत टरकन फाडले. ती कळवळली. खाली पडलेले पान उचलून घाईघाईने म्हणाली, "असू द्या गुरुजी, जुना कागद, फाटला. मी चिकटवून देते."

"फाटला?" गुरुजी म्हणाले. "ताई, तुमच्या डोळ्यांदेखत मी फाडला, आणि तुम्ही मला वाक्यातून अलगद बाहेर काढलंत. 'वही फाटली' यात कर्ता कोण? वहीच. म्हणजे दोष वहीचा, चष्म्याचा, हाताचा. ज्यानं केलं तो कुठेच नाही. पण वाक्यातून वगळला म्हणून तो घरातून वगळला जात नाही. वहीसाठी आठवड्याची मुदत देतो. आज एकच वाक्य लिहा, खऱ्या कर्त्यासकट."

ती बाकावर बसली. आधी तिने 'ह्यांनी' असे लिहिले. बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली आणि मग तो खोडला. जे नाव तिने आजवर उखाण्यापुरतेच घेतले होते, ते तिने पहिल्यांदाच उखाण्यावाचून लिहिले. "मुकुंदने माझी वही फाडली."

चार शब्दांचे वाक्य. त्याला सव्वीस वर्षे लागली होती. गुरुजींनी ते वाचले आणि खाली 'बरोबर' अशी खूण केली. ती खूण पाहून मात्र तिला रडू आवरेना.

आपल्याही ओळखीत कोणाचा तरी हात वरचेवर भाजत असेल. व्याकरण आपणही शिकलेलो आहोत.