तव्यावरच्या पाण्याची कहाणी

ऐक उंबरेमाय, तुझी कहाणी. बायांनो ऐका, बाप्यांनो तुम्हीपण ऐका. मधेच उठून तंबाखू मळत बसू नका.

एक होतं आटपाट नगर. त्यात एक घर. घराला दार एक, खोल्या दोन, मधे एक भिंत. मागच्या खोलीत घराची मालकीण बयाकाकू. नवरा नाही, शेत नाही. पुढच्या खोलीचं भाडं येई, त्यावर तिची चूल पेटे. पुढच्या खोलीत ठकू कासारीण नि तिचा नवरा गणबा. बायकांच्या हातांत बांगड्या भराव्या नि पोट भरावं, असं त्यांचं चाले.

मग काय झालं? नगरात साथ आली. माणूस माणसाला शिवेना. बाई हात पुढं करीना, तर बांगडी भरणार कुणाला? ठकूची टोपली कोपऱ्यात गेली. भाडं थांबलं. मग बयाकाकूची चूल थांबली.

पण लाज मोठी वाईट. ठकूनं काय करावं? तिन्हीसांजेला रिकामा तवा तापवावा, वर पाण्याचा शिंतोडा मारावा. चर्र वाजे. काकूला वाटे, फोडणी पडली. काकूनंही तेच करावं. तवा तापवावा, पाणी मारावं, चर्र. ठकूला वाटे, म्हातारीचं बरं चाललंय. इकडे चर्र, तिकडे चर्र, नि दोन्हीकडे पाण्यावर झोपायचं.

मग राजानं पहिली दवंडी पिटली, "साथ आहे. कुणी भाडं मागू नये, कुणाला घरातून काढू नये." गणबा कुठं लाकडं फोडी, कधीमधी चार पैसे आणी. ठकू म्हणाली, "यातले थोडे काकूला देऊ." गणबा खेकसला, "राजा नको म्हणतो, तू कोण शहाणी? म्हातारी रोज फोडण्या घालते, ऐकू येत नाही? उद्या आजारी पडलो तर?" पैसे गाडग्यात गेले.

मग घरमालक राजाकडे गेले, रडले. राजानं दुसरी दवंडी पिटली, "ज्याचं घर त्याची मर्जी. भाडं नाही त्यानं बाहेर व्हावं." राजाचं काय जातंय? त्याच्या महालात भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही. काकूनं शिपायाला बोलावणं धाडलं, "मला उपाशी ठेवून फोडण्या घालतात. काढा यांना." शिपाई आला. दारातून ओरडला, "चला, उचला टोपली." ठकू रडू लागली, "साथीत कुठं जाऊ? कुणी वळचणीला उभं करायचं नाही."

इतक्यात एक म्हातारी आली नि उंबऱ्यावर बसली. शिपाई म्हणाला, "आजीबाई ऊठ. उंबऱ्यावर बसू नये." म्हातारी म्हणाली, "ऊन लागलंय, भूक लागलीय. खाल्ल्यावाचून उठत नाही." आता तिला ओलांडायचं कसं? शिपाई बाहेर अडला. आतली माणसं आत राहिली.

म्हातारीनं ठकूकडे घास मागितला. ठकू म्हणाली, "काकूकडे माग, तिथं रोज चर्र वाजतं." मग काकूकडे मागितला. काकू म्हणाली, "ठकूकडे माग. भाडं बुडवून तीच फोडण्या घालते." मग म्हातारी करवादली, "दोघी आपापले तवे घेऊन या इथं."

तवे आले. तेलाचा ओघळ नाही, पिठाचा कण नाही. दोन्हीवर पाण्याचे पांढरे डाग. काकू ठकूचा तवा बघते, ठकू काकूचा बघते.

"अगं भवाने, पाणी मारायचीस?"

"तुम्ही काय तूप मारत होता, काकू?"

काकू हसली. हसता हसता पदर डोळ्यांना गेला. ठकू उठली, चुलीमागचं गाडगं घेऊन आली. गणबाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "काकू, औषधापुरते ठेवते, बाकीचे घ्या. राहिलेलं भाडं साथ सरली की देते. बुडवायची नाही." काकू म्हणाली, "शिपायाला मीच बोलावलं, मीच परत धाडते. जा रे बाबा. जाण्याआधी या पैशांतून तेवढे तांदूळ नि तेल आणून दे."

शिपाई गेला, घेऊन आला. एका चुलीवर भात झाला, खरी फोडणी पडली. पहिला घास म्हातारीला दिला. ती जेवली, उठली नि म्हणाली, "उंबरा दोघींचा. रोज दोघींनी मिळून धुवावा. धुताना चुलीवर काय आहे ते खरं सांगावं. खोटं बोलाल तर पुन्हा येऊन बसेन." एवढं बोलली नि दिसेनाशी झाली.

शिपायानं राजाला सगळं सांगितलं. राजा खजील झाला. मग तिसरी दवंडी पिटली, "भाडेकरूला कुणी काढू नये. भाडं कुणी बुडवू नये. जमेल तेवढं द्यावं, उरलेलं मागाहून फेडावं. तोवर घरमालकाला कमी पडेल ते माझ्या कोठारातून न्यावं." साथ सरली. ठकूची टोपली उघडली, काकूचं भाडं फिटलं. उंबरा धुवायचा मात्र चुकला नाही. अजून भिंतीपलीकडे चर्र वाजलं की ठकू हाक मारते, "काकू, पाणी की फोडणी?" काकू म्हणते, "फोडणी. वाटी घेऊन ये."

उंबरेमाय जशी त्यांच्या दारात बसली, तशी तुमच्याआमच्या दारात बसो. घर असलेल्याचा घास न जावो, घर नसलेल्याचं छप्पर न जावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आवरली, सुफळ झाली, पुरी झाली.