फाटक्या कानाचा हत्ती

फार पूर्वी डोंगरात एक लहान राज्य होते. तिथे मीठ येई ते खालच्या सम्राटाच्या घाटातून. एके वर्षी सम्राटाने घाट बंद केला आणि निरोप धाडला, "मांडलिक व्हा, मग मीठ न्या."

राजाने आपल्या म्हाताऱ्या दूताला बोलावले. "मीठ मिळवून या. पण मान वाकवून नको."

"बरं," म्हणून दूत निघाला.

परका दूत आला की आधी त्याला सैन्य दाखवायचे, ही सम्राटाची रीत. दूताला सज्जात बसवले. खालून हत्ती जाऊ लागले. रांग संपेचना.

प्रधानाने मिशीवर ताव दिला. "तुमच्याकडे हत्ती किती हो? की सगळं बैलांवरच भागतं?"

"बैलांवरच. ते नांगर तरी ओढतात."

तेवढ्यात दूताची नजर एका हत्तीवर थांबली. डावा कान फाटलेला. हा तर मघाशीच गेला होता! थोड्या वेळाने तोच पुन्हा आला. उन्हाने सोंड लोंबत होती, पाय अडखळत होते. हत्ती मोजकेच होते. किल्ल्याला वळसा घालून तेच पुन्हा येत होते.

दूताने मनात हिशेब केला. हे चारचौघांत बोलावे, तर लाज राखायला सम्राट लढाई करणार. न बोलावे, तर मान वाकवावी लागणार.

दरबार भरला. सम्राट म्हणाला, "पाहिलंत आमचं बळ? आता काय म्हणता?"

दूत ताठ उभा राहिला. "महाराज, आधी त्या फाटक्या कानाच्या हत्तीला पाणी पाजायला सांगा. फार चाललाय बिचारा."

दरबारी खो खो हसले. "दूत आलाय की माहूत?"

प्रधानाचे हसू मात्र मावळले. सम्राटाने दूताकडे रोखून पाहिले. दूताने नजर खाली घेतली नाही.

"आणि घाटाचं?" सम्राटाने सावकाश विचारले.

"घाट उघडा. मिठाचं रास्त मोल देऊ. खंडणी देणार नाही, मुजरा करणार नाही. शेजारी म्हणून राहू."

"परत जाऊन राजाला काय सांगाल?"

"हत्ती पाहिले म्हणेन. तहाला पुरेसे आहेत."

सम्राट सेवकांकडे वळला. मग म्हणाला, "हत्तीला नदीवर न्या. आणि घाट उघडा."

दूत मिठाचे बैल घेऊन परत निघाला, तेव्हा फाटक्या कानाचा हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभा राहून सोंडेने अंगावर पाणी उडवत होता.

तात्पर्य: आपली मान वाकवू नये, आणि दुसऱ्याचे उणे दिसले तरी त्याची मान चारचौघांत खाली घालू नये.