पर्णावतीची घटका

पूर्वी, कृतयुगाचा अखेरचा चरण उतरणीला लागला असताना, विंध्याच्या दक्षिण उतारावर वेत्रिका नावाच्या कृष्णजला नदीच्या तीरी वैश्रुत मुनींचा आश्रम होता. होमधूमाने ज्याच्या वृक्षांची पाने सदैव धूसर झालेली, अखंड वेदघोषाने ज्याच्या परिसरातील शुकसारिकांनाही उदात्त-अनुदात्त साधलेले, असा तो आश्रम दाही दिशांना विख्यात होता. तिथे शेकडो शिष्य शिकत. ते सगळे जेवतही असत, हे मात्र आश्रमांची वर्णने करणाऱ्यांना सहसा सुचत नाही. रांधणारी एकच होती, वैश्रुतांची पत्नी पर्णावती.

पर्णावती ही आप्या, म्हणजे जलाच्या, विद्येचे द्रष्टे औदकि मुनी यांची कन्या. या विद्येची दोन अंगे. पूर्वार्ध म्हणजे नदीचा प्रश्न, उत्तरार्ध म्हणजे माणसाचे उत्तर. ज्याचे उत्तर खरे उतरेल त्याच्याशी नदी बोलते. औदकींनी मुलीला पूर्वार्ध दिला आणि त्यांचा देह थकला. अंतकाळी त्यांनी आपला पट्टशिष्य वैश्रुत याच्या हाती कन्या दिली आणि म्हणाले, "उरलेले अर्धे तू हिला दे." वैश्रुताने उदक हाती घेऊन वचन दिले, "ज्या दिवशी शिष्यांना पाठ नसेल, त्या दिवशी हिला शिकवीन."

लग्नानंतरची पहिली अष्टमी आली. पर्णावती सैपाक आवरून, केस बांधून पतीसमोर बसली.

"आर्यपुत्र, आज शिष्यांना पाठ नाही."

"नाही. आज अनध्याय."

"मग मला शिकवा."

"भद्रे, अनध्यायाला विद्या मुखातून काढायची नसते, म्हणूनच तर त्यांना पाठ नाही."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी त्यांना पाठ असतो."

पर्णावती हसली, पण ते हसू बघायला वैश्रुतांनी मान वर केली नाही. ती म्हणाली, "वडिलांनी जावई फार शब्दनिष्णात पाहिला."

"मी वचन मोडलेले नाही."

"छे, मोडाल कशाला? लोणच्यासारखे मुरत ठेवले आहे."

अमावास्या आली, अनध्याय. मेघ गर्जला, अनध्याय. कोल्हा ओरडला, थोर अतिथी आला, अनध्याय. मधल्या सगळ्या दिवसांत शिष्यांचा घोष आणि चुलीचा धूर. तिच्या कंठातला पूर्वार्ध अर्ध्या उघडलेल्या दारासारखा वर्षानुवर्षे तसाच राहिला. पुराणातली माणसे अशा वेळी तपाला बसतात. पण तपालाही वेळ लागतो, आणि वेळ नाही हेच तर तिचे दुःख होते.

एके दिवशी माध्यान्ही, पंक्ती उठून गेल्यावर, द्वारी एक पुरुष उभा राहिला. वर्ण निवलेल्या राखेचा, दृष्टी निर्निमेष, आणि पायांखाली छाया नाही.

"अन्न आहे?"

"आहे. माझ्यापुरते उरले आहे, ते आपले. बसा."

जेवून हात धुताना तो म्हणाला, "मी काळ. वर माग."

"मी तर तप केलेले नाही."

"तप करणारे डोळे मिटून बसतात, त्यांना मी दिसत नाही. तू पहाटेपासून मलाच शोधत असतेस."

"मग मला माझा वेळ द्या. ज्यात कोणी हाक मारणार नाही."

"मी वेळ निर्माण करीत नाही, पर्णावती. एकाचा काढून दुसऱ्याला देतो. प्रत्येक माध्यान्ही चराचराच्या आयुष्यातली एक घटका काढून तुला देईन. नीट विचार केलास ना?"

"विचार करायला तरी वेळ कुठे होता?" ती म्हणाली. काळ तथास्तु म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला आणि आश्रम थांबला. पाने हलेनात, गाई रवंथ विसरल्या, ज्वाला चित्रातल्यासारख्या उभ्या राहिल्या. पर्णावती धावत पर्णकुटीत गेली, पतीसमोर हात जोडून शिष्याने म्हणावे तसे म्हणाली, "अधीहि भोः, मला शिकवा."

वैश्रुत आचमनाची ओंजळ ओठांशी धरून निश्चल बसले होते.

तेव्हा तिला चूक कळली. विद्या मुखातून कानात जायची, ग्रंथ कुठेच नव्हते. आणि ज्या घटकेत कोणी हाक मारणार नाही, त्या घटकेत कोणी शिकवणारही नाही. तिने वेळ मागितला होता. गुरू मागायचा राहिला होता.

ती नदीवर गेली. पाणी तेवढे वाहत होते. त्या नीरव घटकेत तिने एकटीने पूर्वार्ध म्हटला. मग रोज जाऊ लागली. उत्तर येत नव्हते. जे सुचे ते नदी निमूट ऐके आणि टाकून देई. चुकत, स्वतःलाच दटावत, शब्द शब्दाला लावून पाहत तिचे केस पांढरे झाले. शेवटी एका माध्यान्ही तिने दिलेले उत्तर ऐकून वेत्रिका थरारली, आणि मानुषी वाणीने तिच्याशी बोलू लागली. घटका संपली तरी ती वाणी थांबली नाही.

ती ऐकून वैश्रुत तीरावर आले. औदकींचा उत्तरार्ध त्यांना अक्षरशः मुखोद्गत होता. त्यांच्याशी मात्र नदी कधी बोलली नव्हती.

"हे उत्तर कोणाचे?"

"माझे."

"तुझा गुरू कोण?"

"कोणी नाही. आपल्याला सवड नव्हती."

"गुरुमुखावाचून आलेली विद्या म्हणजे चोरी."

"चोरायला ती आधी कोणाकडे असावी लागते. आपल्याकडे असती, तर नदी आपल्याशी बोलली असती."

हे खरे होते, म्हणूनच सहन झाले नाही. वैश्रुतांनी कमंडलूतील उदक हाती घेतले. "जी विद्या तू कोणाकडून घेतली नाहीस, ती तुला कोणाला देताही येणार नाही. तुझे अक्षर दुसऱ्याच्या कानात ठरणार नाही."

"शाप द्यायला मात्र सवड झाली," पर्णावती म्हणाली आणि घागर उचलून सैपाकाला गेली.

पुढे तिने आसपासच्या मुनिपत्नींना ते उत्तर सांगून पाहिले. त्या मन लावून ऐकत, आणि वाक्य संपताच विचारीत, "काय म्हणालात?" हळूहळू तिने सांगणे सोडले. चुलीशीच तिचे हातपाय थंडावले, तेव्हा काळ आला.

"शाप काढता येतो का?" तिने विचारले.

"नाही."

"आणि माझी घटका?"

"दिलेले मी परत घेत नाही. ती तशीच राहील."

"कोणासाठी?"

काळ खाली वाकला. तिचे डोळे त्यानेच मिटले.

तेव्हापासून ऐन माध्यान्ही रान एकाएकी मुके होते, पाखरू बोलत नाही, पान हलत नाही. त्या वेळी नदीवर आलेल्या बाईला पाणी आपल्याला काही विचारते आहे असे वाटते. ती हातातले धुणे ठेवते, कान देते, ओठ उघडते. उत्तर एकदा सापडले होते, हे कोणालाच ठाऊक नाही. नवे शोधायला एक घटका पुरत नाही, आणि ती संपताच घरून तिला हाक येते.