सगुणेच्या डोळ्यांची कहाणी

ऐक माते डोळसाई, तुझी कहाणी. नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथं एक कोष्टी राहत असे. घरी म्हातारी आई, बायको येसू आणि एकुलती लेक सगुणा.

एके वर्षी नगरात गोवर आला. सगुणेच्या अंगावर फुलला. सासू म्हणाली, "गोवरात दुसरं काही द्यायचं नाही. नुसती पेज." येसूनं पेज दिली. मग गोवर उतरला, पण पेज सुटली नाही. पोर वाळत चालली.

मग काय झालं? दिवेलागणीला सगुणा उंबऱ्याला अडखळली. सासू म्हणाली, "पोर धांदरट आहे." दुसऱ्या सांजेला पोर पुढ्यातलं ताट चाचपू लागली. नवरा म्हणाला, "अशक्तपणा असेल." तिसऱ्या सांजेला तिनं हातमागाच्या खांबाला मिठी मारली. म्हणाली, "आई, तू बोलत का नाहीस?" येसू शेजारीच उभी होती.

मग येसू पोरीला उजेडात धरी. घडोघडी लेकीचे डोळे बघे. बुबुळाशेजारी पांढरा फेस दिसे. पोर रडे, पण डोळ्यांत टिपूस नसे.

सासू म्हणाली, "गोवराची धग डोळ्यांत उतरली. निवडुंगाच्या चिकानं निवेल." येसू पाण्याला गेली होती. परतली तों किंकाळी ऐकली. एका डोळ्यात चीक पडला होता, दुसऱ्यात घालायला सासूचा हात उचललेला होता. येसूनं घागर टाकली, तो हात धरला.

"आत्याबाई, आजवर तुम्हांला उलट बोलले नाही. आज बोलते. हा डोळा मी देणार नाही."

"मी काय तिची वैरीण आहे?"

"नाही. पण हात मागं घ्या."

मग तिनं स्वच्छ पाण्यानं डोळा धुतला, पोर पाठीशी बांधली नि निघाली. कुठं जावं, कुणाला पुसावं, कळेना. नदीच्या उतारावर एक म्हातारी बसली होती. ती डोळसाई होती.

"बाई, बाई, रडतेस का?"

येसूनं सगळं सांगितलं.

"माझा वसा घेशील?"

"घेईन. पण लवकर सांग, पोरीची नजर चाललीय."

"पलीकडच्या वैद्याकडे जा, वाटेत थांबू नको. तो देईल ते पोटात दे. डोळ्यांत कुणाला काही घालू देऊ नको. आजारी लेकराचं अन्न तोडू नये. शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, पपई, दूध द्यावं. लेकरू सांजेला अडखळलं, की त्याच दिवशी वैद्य गाठावा. शेजारच्या लेकरांचेही डोळे पाहावे."

"वसा कधी करावा?"

"बारा महिने करावा. उद्यावर टाकू नये."

इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. येसू धावत वैद्याकडे गेली. वैद्य म्हणाला, "उशीर झाला, बाई. एक गेला. दुसऱ्याची खटपट करू." येसूनं पदर खोचला. तिनं औषध दिलं, पाला शिजवला, वसा चुकवला नाही. सासू स्वतः शेवगा खुडून आणी, पण नातीजवळ जायला भिई.

मग एका सांजेला येसूनं भीत भीत विचारलं, "सगुणे, मी कुठं आहे?"

"चुलीपाशी," सगुणा म्हणाली. "आई, तू रडतेस."

एक डोळा राहिला. गेलेला डोळा देवीनंही परत दिला नाही.

सगुणेचा जो डोळा वाचला, तसे तुमच्या लेकरांचे वाचोत. जो गेला, तसा कुणाचा न जावो. ही पुष्कळ उत्तरांची कहाणी थोडक्या उत्तरी फळो, इथं पुरी होवो.